शॉटगनचे स्लग भरकटतात तेव्हा: रानडुकराआधी कागदावर काय काय तपासायचं

थंडीच्या तोंडावर दरवर्षी कुणी ना कुणी बंदुकीची पिशवी घेऊन रेंजवर माझ्या शेजारी येऊन बसतो आणि म्हणतो, "स्लग फालतू निघाले." स्लग म्हणजे काडतुसात छर्ऱ्यांऐवजी भरलेली एकच मोठी गोळी. इतक्या वर्षांत खरोखर फालतू स्लग मी दोनदाच पाहिलेत. बाकी सगळ्या वेळी दोष नळीत, चोकमध्ये (नळीचं तोंड आवळणारं नळकांडं), एखाद्या ढिल्या स्क्रूत नाहीतर खांद्यात निघाला. मी टेक्ससमध्ये राहतो, त्यामुळे इथलं लिहितोय. इथे १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, रानडुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, तिथे हा प्रश्न वन खात्याच्या दारातूनच जातो. तेव्हा हे वाचून गावाकडची बंदूक बाहेर काढू नका.

आधी लक्षणं. तुमचं कुठलं ते बघा.

- ५० यार्डांवर पाच स्लग मारले, जेवणाच्या ताटाएवढ्या कागदावर तीनच लागले. उरलेले दोन कुठे गेले त्याचा पत्ता नाही.
- कागदावरचं भोक गोल नाही. लांबट आहे, जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं.
- पहिले दोन-तीन चांगले बसतात, मग पुढचा प्रत्येक स्लग सरकत सरकत लांब जातो.
- पाचही एका मुठीत बसतात, पण नेम धरला त्याच्या आठ-दहा इंच वर.
- गेल्या वर्षी सगळं ठीक होतं. नवीन पेटी आणली आणि बिघडलं.
- कागदावर छान, पण डुक्कर स्लग खाऊन झाडीत जातं आणि रक्ताचा थेंब सापडत नाही.

शेवटचं लक्षण वेगळ्या जातीचं आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

काहीही करण्याआधी

बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड बघा. यात पैसा लागत नाही आणि याच्याशिवाय पुढची एकही पायरी करायची नाही. १२ बोअरच्या नळीत चुकून २० बोअरचं काडतूस गेलं तर ते घसरत पुढे जाऊन अडकतं. बंदूक रिकामी समजून मागून १२ बोअरचं घातलं आणि घोडा ओढला की नळी फाटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळी असतात. खिशात दोन्ही रंग एकत्र ठेवू नका.

नळीवर काडतुसाची लांबी कोरलेली असते, तीही वाचा. पावणेतीन इंचाच्या नळीत तीन इंची काडतूस कित्येकदा आरामात मावतं, आणि माणूस तिथेच फसतो. डब्यावरची लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. आत ते उघडायला जागा मिळाली नाही तर दाब भलताच चढतो. मावलं म्हणजे चालतं असं नाही.

पहिली तपासणी: डबा आणि नळी यांचं जमतं का?

माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

नळी दोन प्रकारची. एक आतून गुळगुळीत, छर्ऱ्यांसाठी असते तीच. दुसरी आतून आटे पाडलेली, रायफलसारखी. रिकाम्या बंदुकीच्या नळीत उजेडाच्या दिशेने बघितलं की पिळदार रेघा दिसतात किंवा दिसत नाहीत. मधलं काही नाही. (आटे असलेला चोक मिळतो खरा, पण तो फक्त टोकाला फिरकी देतो.)

आता डबा. घोटाळा कंपन्यांनी ठेवलेल्या नावांतच आहे. डब्यावर "रायफल्ड स्लग" लिहिलं असेल तर तो स्लग गुळगुळीत नळीसाठी असतो! आटे स्लगच्या अंगावर आहेत, म्हणून हे नाव. आट्यांची नळी विकत घेतलेला माणूस दुकानात जातो, "रायफल्ड" शब्द वाचतो, खूश होऊन चार पेट्या उचलतो, आणि पुढच्या शनिवारी माझ्या शेजारी येऊन बसतो.

हा स्लग म्हणजे फोस्टरचा. कार्ल फोस्टर यांनी १९३१ मध्ये तो घडवला. मऊ शिसं, पुढून जड, मागून पोकळ. बॅडमिंटनच्या फुलासारखा तो जड तोंड पुढे करून जातो, म्हणून त्याला फिरकीची गरज पडत नाही. अंगावरच्या तिरक्या रेघांनी तो गरगर फिरतो हा गैरसमज आहे. चोकमधून जाताना शिसं दबायला जागा मिळावी, हे त्या रेघांचं मुख्य काम. हाच स्लग आट्यांच्या नळीतून मारला तर मऊ शिसं आट्यांत भरत जातं. पहिले दोन-तीन बरे बसतात, मग नेम फिसकटतो. तिसरं लक्षण आठवलं?

ब्रेनेकेचा स्लग त्याहून जुना, १८९८ चा, जर्मनीतला. तो भरीव आणि कडक शिशाचा असतो, आणि मागचा वॅड (दारू आणि गोळीच्या मधली गादी) स्लगलाच जोडलेला राहून शेपटीचं काम करतो. तोही मुळात गुळगुळीत नळीचाच. त्यांचे काही प्रकार आट्यांतही चालतात. कुठला चालतो ते डब्यावर लिहिलेलं असतं.

तिसरा सेबो, ज्याला स्पेलिंग बघून निम्मे लोक सॅबॉट म्हणतात. नळीपेक्षा बारीक गोळी, तिच्याभोवती प्लॅस्टिकचं कवच. आटे कवचाला पकडतात, कवच गोळीला फिरवतं, बाहेर पडल्यावर कवच गळून जातं. गुळगुळीत नळीत पकडायला काहीच नाही, त्यामुळे गोळी कोलांट्या खात जाते आणि कागदावर आडवी लागते. लांबट भोक ते हेच.

एका मित्राने पाच काडतुसांचे वीस डॉलर मोजून सेबो आणले होते. बंदूक वडिलांची, नळी गुळगुळीत. त्याचा विश्वास बसेना, महाग म्हणजे चांगलंच असणार! रेंज बंद झाल्यावर आम्ही दोघं पुढे चालत गेलो आणि गवतातून कवचाचे तुकडे वेचले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने आट्यांच्या नळीतून तोच डबा मारला होता, त्याचेही तुकडे तिथेच पडले होते. शेजाऱ्याच्या कवचावर नखाने ओरखडावं तशा तिरक्या समांतर खाचा. मित्राच्या कवचावर काहीच नाही, नुसतं काजळी लागलेलं गुळगुळीत प्लॅस्टिक. दोन तुकडे तळहातावर शेजारी ठेवले, मला आणखी काही बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तो सात-आठ डॉलरची फोस्टरची पेटी घेऊन आला आणि ५० यार्डांवर पाचही स्लग बशीत बसवले.

थोडक्यात, गुळगुळीत नळीला फोस्टर किंवा ब्रेनेके, आट्यांच्या नळीला सेबो.

दुसरी: चोक

नळीच्या तोंडाशी असलेला चोक काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा. स्लगसाठी सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर घालायचा. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर नळीला साधारण इंचाच्या शंभराव्या भागाने आवळतो, फुल चोक त्याच्या साडेतीन-चार पट. तेवढ्या फटीतून शिशाचा अखंड ठोकळा दाबून काढला की तो बिघडूनच बाहेर पडणार. वसंतात टर्की पक्ष्याच्या शिकारीसाठी घातलेला, त्याहूनही आवळ असलेला चोक थंडीपर्यंत तसाच राहिलेला मी तीनदा पाहिलाय. त्यातून स्लग अजिबात मारू नका. इथे प्रश्न नेमाचा राहत नाही, नळी फुगण्याचा होतो.

चोक हाताने घट्ट बसलाय का, तेही बघा. दर पाच-सात स्लगनंतर पुन्हा बघा, कारण दणक्याने चोक सैल होतो. हे अर्थात रिकाम्या बंदुकीवर, नाहीतर हात नळीच्या तोंडापुढे जातो.

तिसरी: काय हलतंय?

स्कोप किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची दुर्बीण) असेल तर एका हाताने दस्ता धरा आणि दुसऱ्याने दुर्बीण हलवून बघा. केसाएवढी हलली तरी सापडलं. स्लगचा दणका ३०-०६ रायफलपेक्षाही जास्त बसतो, आणि छर्ऱ्यांवर वर्षानुवर्षं टिकलेले स्क्रू तो एका दुपारी सैल करतो. स्क्रू काढा, तेल पुसा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, दुर्बिणीच्या माउंटच्या कागदावर सांगितलेल्या जोरानेच आवळा. लाल थ्रेडलॉकर लावू नका. तो पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही.

मग पंप किंवा ऑटो बंदुकीच्या मॅगझिनच्या, म्हणजे नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्याच्या, टोकाची टोपी. नळी तिच्या जोरावर बसलेली असते. सफाईनंतर टोपी अर्धा फेरा कमी आवळली की नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धातूच्या खोक्यात, डुलते. दुर्बीण रिसीव्हरवर आणि नळी डुलणारी, मग काहीही करा, स्लग एका जागी बसणार नाहीत.

चौथी: सफाई

गुळगुळीत नळीत शिशाच्या राखाडी रेघा दिसतात, आट्यांच्या नळीत प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे चिकटतात. सॉल्व्हंट टाका, दहा मिनिटं थांबा, ब्राँझचा ब्रश चेंबरकडून (काडतूस बसतं ती मागची जागा) तोंडाकडे वीसेक वेळा न्या, मग फडकं. फडक्यावर चकचकीत राखाडी तुकडे येत राहिले तर पुन्हा. साबणपाणी किंवा नुसतं तेल लावून शिसं निघत नाही, ते फक्त चमकतं. शेवटी कोरडं फडकं फिरवाच. तेलकट नळीतून गेलेला पहिला स्लग कुठेही जातो आणि माणूस त्यावरून नेम सरकवत बसतो.

पाचवी: खांदा, गाल, डोळा

इथे लोक नाराज होतात. मीही झालो होतो.

पाचही एका मुठीत पण वर लागत असतील तर बहुतेक वेळा नळीवर एकटी माशी (टोकावरचा नेमाचा मणी) असते. मागे खाच नसल्यामुळे मागची खाच म्हणजे तुमचा डोळा. डोळ्यापासून माशीपर्यंत साधारण एक यार्ड धरा. गाल दस्त्यावरून पाच मिलिमीटर उचलला गेला की ५० यार्डांवर स्लग जवळजवळ दहा इंच वर जातो, साधं त्रैराशिक आहे. छर्ऱ्यांनी उडता पक्षी मारताना हे लपून जातं. उपाय दोन. गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकवायची सवय, किंवा पन्नासेक डॉलरची पट्टीवर बसणारी माशी-खाच. मी दुसरा उपाय सुचवतो. सवय बाकावर लागते आणि डुक्कर दिसल्यावर सुटते.

बाकावर वाळूची पिशवी नळीखाली नको, पुढच्या लाकडी मुठीखाली, रिसीव्हरच्या जवळ हवी. नळी पिशवीवर टेकली की ती दर दणक्याला वेगळी उसळते. दोन स्लगच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा, कारण शॉटगनची नळी पातळ असते आणि लवकर तापते.

आणि दणक्याची भीती. ती स्वतःला कळत नाही. मित्राला सांगा, तुमच्या नकळत कधी खरं काडतूस, कधी डमी भर. डमीवर घोडा ओढताना नळीचं तोंड खाली डुबकी मारताना दिसलं तर स्लगला दोष देऊ नका. मी स्वतः तीन इंची मॅग्नम मारायचो. डमीवर माझ्या नळीने अशी मान टाकली की शेजारच्या टेबलावरचेही हसले. तेव्हापासून पावणेतीन इंचावर आलो. एक औंसाचा, म्हणजे २८ ग्रॅमचा स्लग सेकंदाला १,६०० फुटांनी निघाला तर त्यात जवळजवळ २,५०० फूट-पौंड ऊर्जा असते. डुकराला तेवढी पुरते, जागेवर लागली तर.

सहावी: आता खिशात हात घाला

वरचं सगळं करूनही स्लग पसरत असतील तरच नवीन डबे आणा. नळीला उपयोगी प्रकारात राहून तीन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पेटी. दोन सारख्या दिसणाऱ्या बंदुकांना वेगवेगळा स्लग आवडतो, आणि हे आधी सांगता येत नाही. आट्यांचा पीळ कुठे २८ इंचांत एक फेरा, कुठे ३६ इंचांत, त्याप्रमाणे सेबोची आवडनिवड बदलते. प्रत्येकी पाच मारा, मध्ये नळी पुसा, कागदावर डब्याचं नाव लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्लगही बदलला, चोकही बदलला, मग कशाने सुधारलं ते देवालाच ठाऊक.

आवडलेला सापडला की त्याच लॉट नंबरच्या आणखी चार-पाच पेट्या लगेच घ्या. "गेल्या वर्षी ठीक होतं" या लक्षणाचं कारण पुष्कळदा डब्याच्या झाकणावरचा हा बारीक आकडा असतो.

डुक्कर पडत नाही, त्याचं

कागदावर नेम ठीक असेल तर प्रश्न दोनच उरतात, कुठे लागला आणि कुठल्या शिशाचा होता.

हरणाच्या सवयीने लोक डुकराच्या खांद्यामागे, अंगाच्या मध्यावर नेम धरतात. डुकराचं हृदय त्याहून खाली आणि पुढे असतं, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या आणि खालच्या एक तृतीयांशात थांबा. मध्यावर लागलेला स्लग पोटाकडे सरकतो आणि जनावर तासन्‌तास हाल सोसतं.

मोठ्या नराच्या खांद्यावर कूर्चेसारखी चिवट ढाल असते. नरांच्या आपसातल्या सुळ्यांच्या मारामारीत ती त्याला वाचवते. जून नरात ती इंचाहून जाड होते. मऊ फोस्टर हाडावर पसरतो आणि मोठ्या नरात कधी कधी आतच राहतो. मग मागे भोक नाही, आणि पुढचं भोक चरबी, केस आणि चिखल मिळून बंद करतात. म्हणून रक्त दिसत नाही. कडक भरीव ब्रेनेके, ३२ ते ३९ ग्रॅमचा, आरपार जाण्याची शक्यता बरीच जास्त. माझं मत विचाराल तर पिल्लं आणि मध्यम माद्यांसाठी फोस्टर पुष्कळ झाला. एकट्या फिरणाऱ्या मोठ्या नरासाठी गुळगुळीत नळीत मी ब्रेनेकेच भरतो, आणि त्याच्या मागे काय आहे ते दोनदा बघतो, कारण आरपार गेलेला स्लग तिथे थांबत नाही.

अंतर किती ठेवायचं? टेकून मारलेले पाचही स्लग सहा इंचांच्या बशीत जिथपर्यंत बसतात, तिथपर्यंत तुमची हद्द. एकट्या माशीवर माझी ५० यार्ड आहे. १०० यार्डांवर फोस्टर चार-सहा इंच खाली पडतो, त्यात डुक्कर हलतं, अंधारात उभं असतं. मारलेलं डुक्कर फाडताना हातमोजे घाला, रानडुकरांतून ब्रुसेलोसिस हा आजार माणसाला होतो.

इथे थांबा आणि बंदूक गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) न्या

उडवताना आवाज बारका, "पॉप" असा आला तर पुढचं काडतूस भरू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, बंदूक रिकामी करा, नळी बघा. आत वॅड किंवा स्लग अडकलेला दिसला तर घरी सळईने ठोकत बसू नका. नळीवर बोट फिरवताना कुठे फुगवटा किंवा वर्तुळाकार कडा लागली, चोक नळीत नीट फिरून बसत नसेल किंवा जाम झाला असेल, उडालेल्या काडतुसाचं पितळ फुगून चिरत असेल, टोपी आवळूनही नळी रिसीव्हरमध्ये डुलत असेल, तर यातल्या कशावरही घरचा उपाय नाही. डुलणारी नळी पिन मारून पक्की करता येते, पण रिसीव्हरला भोक पाडायचं काम त्याचं. जुनी बंदूक कुठल्या लांबीच्या काडतुसासाठी आहे ते कोरलेलं वाचता येत नसेल तर चेंबर मोजायलाही त्याच्याकडेच. आणि तीन प्रकारचे स्लग मारूनही बशीत बसत नसतील तर पाचवी-सहावी पेटी आणण्यापेक्षा त्याची फी स्वस्त पडते.

जाताना बंदूक रिकामी, चोक वेगळा पुडीत, मारलेले कागद घडी न करता, प्रत्येकावर अंतर आणि डब्याचं नाव, शिवाय दोन-चार उडालेली रिकामी काडतुसं. कवचाचे तुकडे वेचलेले असतील तर तेही घ्या. माझा गनस्मिथ बंदुकीला हात लावायच्या आधी ते तुकडे मागतो.